ऊन, तू बाहेरच थांब!

दोस्ता, आधी एक कोडं सोडव बरं!

मे महिना. पाथर्डी. दुपारचे दोन. बातम्यांत सांगतात, "आज पारा ४२ अंशांवर!" आता ओळख पाहू, हे ४२ अंश कुठले? शाळेच्या मैदानातले? बाजारतळावरचे? की एसटी स्टँडच्या तापलेल्या पत्र्यावरचे?

चूक, चूक आणि चूक! ते ४२ अंश सावलीतले असतात!

हो, सावलीतले! हवामान खातं आपला तापमापक कधीच उन्हात ठेवत नाही. त्याच्यासाठी एक छोटंसं लाकडी घर असतं. चार पायांवर उभं, साधारण तुझ्या छातीइतक्या उंचीवर. रंग पांढराशुभ्र. भिंतींना तिरक्या पट्ट्या, म्हणजे वारा मजेत आत-बाहेर करतो, पण ऊन काही शिरत नाही. आणि वरचं छप्पर? ते तर एकावर एक असं दुहेरी!

एवढे लाड कशाला? कारण तापमापक उन्हात ठेवला, तर तो स्वतःच तापून बसतो. मग तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःच्याच तापाचं रडगाणं गातो!

हे घर कुणी तयार केलं, माहीत आहे? थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधल्या इंजिनिअरनं, एकोणिसाव्या शतकात. एरवी तो समुद्रातले दीपस्तंभ बांधायचा. आणि त्याचा मुलगा कोण असेल? 'ट्रेझर आयलंड' ही चाच्यांची धमाल गोष्ट लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन! वडिलांनी तापमापकाला घर दिलं आणि मुलानं चाच्यांना बेट!

पण मला ही पेटी आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. पांढरा रंग, वारा खेळवणारी भिंत, दुहेरी छप्पर. हे सगळं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? पाथर्डीच्या जुन्या गावठाणात चक्कर मार. आसपासच्या गावांत जा. एखादं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर अजून उभं असेल. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, लाकडी गजांच्या खिडक्या, डोक्यावर माळा आणि पुढे छान रुंद पडवी. त्या घरांच्या गवंड्यांना आणि सुतारांना स्टीव्हन्सनचं नावही ठाऊक नव्हतं. तरी युक्त्या त्याच!

चल, त्या पडवीतच जाऊ या. चप्पल काढ!

पायरीवरची शहाबादी फरशी बघ. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. एक पाय सावलीत ठेव. आता दुसरा पाय उन्हातल्या फरशीवर हळूच टेकव.

आई गं! चटका!

आता विचार कर. दोन पावलांमध्ये वीतभर अंतर. फरशी एकच. वरून वाहणारा वारा तोच. मग फरक कशाचा? फक्त उन्हाचा! सूर्याचे किरण हवेतून येताना हवेला फारसे तापवत नाहीत. ते ज्या वस्तूवर आपटतात तिला तापवतात. फरशी तापते, भिंत तापते, पत्रा तापतो. मग त्या तापलेल्या वस्तू आपल्याला भाजून काढतात. म्हणजे किरण घराला लागलेच नाहीत, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली!

बरं, ऊन म्हणजे असं किती मोठं असतं? सांगते. ऐकून डोळे विस्फारतील!

जरा मोठ्या कॅरम बोर्डाएवढा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन डोळ्यांसमोर आण. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी त्यावर जेवढं ऊन पडतं, त्यात सुमारे १००० वॅटची ताकद असते. म्हणजे चालू केलेली एक इस्त्री!

आता तुझा वर्ग घे. समजा तो वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे. त्याचं छत होतं सुमारे ३७ चौरस मीटर. म्हणजे छतावर किती इस्त्र्या?

३७! सदतीस इस्त्र्या, सगळ्या चालू, सगळ्या तुझ्या डोक्यावर!

थोडं ऊन छत परत पाठवतं. थोडी उष्णता वारा उडवून नेतो. पण बाकीची? छत पत्र्याचं असेल, तर ती पटकन खाली उतरते. भाकरीच्या तव्यावर लांबून हात धरला, तरी धग लागते ना? तापलेला पत्रा म्हणजे उलटा टांगलेला तवाच. गणिताच्या तासाला डोकं तापतं ते काही फक्त गणितामुळे नाही!

सावली कुठे गेली?

आता पडवीची खरी जादू. पण त्यासाठी आधी एक हरवलेली वस्तू शोधायची आहे. तुझी सावली!

मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो, की भर दुपारी पाथर्डीत तुझी सावली दिसतच नाही! घड्याळात साडेबाराला थोडा वेळ बाकी असतो. सूर्य अगदी डोक्यावर, नेमका मधोमध. उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी दडते. मैदानातल्या झेंड्याच्या खांबाची सावली शोध बरं! सापडायची नाही. या दिवसाला म्हणतात शून्य सावली दिवस.

असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पण तेव्हा बहुतेक ढग असतात, त्यामुळे तो चोरपावलांनी येतो आणि जातो.

आणि थंडीत? २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी मैदानात उभं राहून बघ. सावली जवळजवळ तुझ्याच उंचीची! कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारीसुद्धा तो आकाशात अर्ध्यावरच असतो.

आता हा सूर्य आणि दक्षिणेकडे तोंड असलेली एक पडवी, यांचा खेळ बघू.

समजा पडवी सहा फूट रुंद आहे. तिच्या छपराची पुढची कड, म्हणजे वळचण, जमिनीपासून सात फुटांवर आहे. मे महिन्यातल्या त्या दुपारी सूर्य डोक्यावर. वळचणीची सावली सरळ खाली. ऊन पडवीत किती शिरलं? शून्य फूट! ते बिचारं अंगणात ताटकळत उभं.

मार्चच्या एकविसाव्या तारखेला? दुपारी ऊन जेमतेम अडीच फूट आत डोकावतं.

आणि संक्रांतीला? ओळख पाहू!

सहा फूट! पूर्ण पडवी ओलांडून ऊन थेट घराच्या भिंतीला जाऊन टेकतं! थंडीत आजी तिथेच बसून तीळ निवडते, आणि तिच्या पाठीला हे कोवळं ऊन शेकत असतं.

बघितलंस? पडवीला ना बटण, ना वायर, ना मोटर. ती जागची हलतसुद्धा नाही. तरी उन्हाळ्यात ऊन नको असतं तेव्हा ती दार लावते आणि हिवाळ्यात हवं असतं तेव्हा दार उघडते. हलतो तो सूर्य! पडवी फक्त योग्य जागी उभी राहते. मला तर हे यंत्र जगातल्या सगळ्यात हुशार यंत्रांपैकी एक वाटतं.

पण थांब. पडवीलाही एक बाजू जड जाते. पश्चिमेची!

संध्याकाळी साडेपाचला सूर्य खाली उतरलेला असतो. तो वरून नाही, समोरून मारा करतो. क्रिकेट खेळताना संध्याकाळचा सूर्य कसा थेट डोळ्यांत जातो? टोपीचा पुढचा छज्जा असूनही डोळे मिचकावे लागतात ना? तसंच. पश्चिमेकडे तोंड असलेली तीच सहा फुटी पडवी मे महिन्यात साडेपाचला वरचे जेमतेम दोन फूट झाकते. खालचं सगळं उघडं!

मग जुन्या माणसांनी काय केलं? पश्चिमेला खिडक्या कमी ठेवल्या. तिकडे गोठा बांधला किंवा धान्याची खोली काढली, म्हणजे ऊन झेलायला आधी ती. खिडकी असलीच, तर बाहेरून बांबूची ताटी उभी केली, चिकाचा पडदा सोडला. आणि सगळ्यात छान उपाय, कडुनिंब लावला!

कडुनिंबाचं वेळापत्रक तर बघ. जुनी पानं तो उन्हाळ्याच्या तोंडावर झाडून टाकतो. आणि गुढीपाडव्याला आपण काय खातो? कडुनिंबाची कोवळी पालवी! म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये तो नवी कोरी छत्री उघडतो. मे महिन्यातला कडाका सुरू व्हायच्या आत छत्री तयार! आपण तोंड वाकडं करून ती पानं चावतो, पण त्याच वेळी झाड सांगत असतं, काळजी करू नका, सावली शिवून होत आलीय.

आणि झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा गार का वाटते, सांग. भर दुपारी झाडाच्या एका पानाला हात लाव. मग उन्हातल्या पत्र्याला बोट लाव. अगदी क्षणभर हं! ऊन दोघांवर सारखंच. पत्रा चटका देतो, पण पान नाही! पान आपल्यातलं पाणी थोडं थोडं हवेत सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. आंघोळ करून ओल्या अंगानं पंख्याखाली उभं राहिलं की कसं कुडकुडायला होतं? पानाचंही तसंच. लग्नाच्या मांडवावर आंब्या-जांभळाच्या ओल्या डहाळ्या घालतात, त्यात शोभा तर असतेच, पण गारवाही असतो!

पडदा आत की बाहेर?

आता एक भांडण सोडवायचं आहे. खिडकीतून ऊन येतंय. पडदा खिडकीच्या आत लावायचा की बाहेर?

तुला वाटेल, त्यात काय! ऊन तर दोन्हीकडे अडेल. उजेड अडेल, हे खरं. पण उष्णता?

समज, एक वाह्यात वासरू घरात घुसतंय. त्याला फाटकाशी अडवलं तर ते बाहेरच राहील. पण ते स्वयंपाकघरात आल्यावर अडवलं तर? अडवलं खरं, पण वासरू आता घरात आहे! आतल्या पडद्याचं हेच होतं. ऊन काचेतून आत येतं, पडद्यावर आपटतं, पडदा तापतो. आता तो तापलेला पडदा कुठे आहे? तुझ्या खोलीत! काच उन्हाला आत घेते, पण आतल्या धगीला सहज बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी असलेली बंद गाडी उघडली की कसा गरम भपका येतो? तोच प्रकार.

बाहेरची ताटी मात्र बाहेरच तापते आणि तिची धग वाऱ्याबरोबर बोळातून निघून जाते.

माझंच का ऐकायचं, असं वाटतंय? मग करूनच बघ! थंडीतली सकाळ निवड, बाटलीतलं खोबरेल तेल गोठलेलं असेल अशी. लोणच्याच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घे, धुऊन कोरड्या केलेल्या. दोन्हीत एकेक चमचा गोठलेलं खोबरेल ठेव आणि झाकणं घट्ट लाव. एका बरणीत उन्हाच्या बाजूला, काचेच्या आतून, पुठ्ठ्याचा तुकडा उभा कर. दुसरीला तेवढाच पुठ्ठा बाहेरून टेकव, पण काचेपासून दोन बोटं लांब. दोन्ही बरण्या उन्हात ठेव.

कुठलं तेल आधी वितळेल? मी आतल्या पुठ्ठ्याच्या बाजूनं पैज लावते!

छत्री डोक्याला चिकटव पाहू

पत्र्याच्या छतावर सावली करायची, तर कशी? बरेच जण हिरवी शेडनेट आणतात आणि पत्र्याला चिकटवून ताणतात. छान! पण आणखी छान होऊ शकतं.

एक सांग, आपण छत्री कशी धरतो? डोक्याला चिकटवून? मुळीच नाही! मध्ये हवा खेळायला जागा ठेवतो. छत्री तापली तरी तिची धग मधल्या वाऱ्याबरोबर निघून जाते, केसांपर्यंत पोचत नाही. छतालाही तशीच छत्री हवी. बांबू किंवा लोखंडी पाइप टाकून, पत्र्यापासून निदान वीतभर उंच. स्टीव्हन्सनच्या पेटीचं दुहेरी छप्पर आठवतंय? अगदी तेच!

रंगपंचमीला मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला कधी जाणं झालंय? गाढवांचा मोठा बाजार भरतो तिथे! तिथल्या दुकानदारांची पालं बघ. कापड डोक्यापासून चांगलं उंच ताणलेलं आणि बाजू उघड्या. वरून सावली, मधून वारा. यात्रेत फिरणाऱ्या दुकानदारांना ही गोष्ट शिकवावी लागत नाही, उन्हानंच शिकवलेली असते.

आणखी एक घर मला फार महत्त्वाचं वाटतं. कोपी! आपल्या पाथर्डी तालुक्यातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. तुझ्या वर्गातलेही काही दोस्त दिवाळीच्या सुमारास आई-बाबांबरोबर जात असतील. फडाजवळ ती मंडळी बांबू रोवून, वर उसाचं पाचट घालून कोपी उभी करतात. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. त्या थरात हजारो बारीक पोकळ्या असतात आणि प्रत्येक पोकळीत हवा अडकलेली असते. अडकलेली हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. गोधडी हेच काम करते, फक्त उलट्या दिशेनं! कोपीतलं राहणं सोपं नसतं, खूप कष्टाचं असतं. पण कोपीचं छप्पर विणणाऱ्या त्या हातांना उष्णतेचं विज्ञान नेमकं कळतं, हे तुझ्या दोस्ताला जरूर सांग.

पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरूनही खोली गार राहते. फक्त एक धोका आहे. वाळलेलं पाचट भुर्रकन पेटतं! चूल, विजेच्या तारा, फटाके यांच्यापासून ते लांबच हवं, आणि हे काम मोठ्यांचं.

आता माळवद! हे छत फारच गमतीचं असतं. खाली जाडजूड लाकडी तुळया. दोन तुळयांमधल्या जागेला म्हणतात खण. 'आमचं पाच खणांचं घर' असं आजोबा सांगतात ना, ते हेच खण! त्यावर लाकडाच्या फळ्या-काटक्या, मग पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. गावातल्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात, शेताला 'काळी'. त्या पांढरीतली माती छतावर! पावसाळ्याआधी तिचा नवा थर चढायचा. ती पाणी सहज झिरपू देत नाही, आणि फिकट रंगामुळे बरंचसं ऊन परत आकाशात पाठवते.

पण मातीची खरी करामत वेगळीच आहे. ती उष्णतेला उशीर करते!

कसा? वर्गात पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर चिठ्ठी पाठवून बघ. चार मुलं असतील तर क्षणात पोचते. पण चाळीस मुलं असतील तर? हातोहात, बाकामागून बाक, वाटेत एक जण ती वाचत बसतो, दुसरा हसत बसतो! चिठ्ठी पोचेपर्यंत शाळा सुटते!

पत्रा म्हणजे चार मुलांची रांग. दीड-दोन फुटी मातीची भिंत म्हणजे चाळीस मुलांची. दुपारी बाहेर लागलेली उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर काय झालेलं असतं? रात्र! बाहेर गार वारा सुटलेला असतो, दारं-खिडक्या उघडलेल्या असतात, आणि घरातली माणसं कुठे असतात? माळवदावर! चांदण्या मोजत झोपलेली! उष्णता बिचारी रिकाम्या खोलीत येते आणि खिडकीतून निघून जाते. हा डाव पत्र्याच्या घराला कधीच जमत नाही.

मात्र भिंत कितीही जाड असली, तरी दिवसभर ऊन खात राहिली तर तीही थकते. म्हणून जाड भिंतीपुढे पडवी! पडवी ऊन अडवणार, भिंत उरलेली धग लांबवणार. जुन्या घराची पडवी पाडून तिथे सिमेंटचा ओटा केलेला दिसला, की मला फार हळहळ वाटते. घराची टोपीच काढून घेतल्यासारखं!

सावलीची ही युक्ती जुन्या दगडी इमारतींतही दिसते. नगरहून पाथर्डीकडे येताना डोंगरावर एक उंच दगडी इमारत दिसते. नगरपासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपासून, सुमारे १३ किलोमीटरवर. सगळे तिला चांदबिबी महाल म्हणतात. पण खरी गंमत अशी, की तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही! ती आहे सलाबतखानाची कबर. सोळाव्या शतकात निजामशाहीत तो मोठा मंत्री होता.

पुढच्या सहलीला तिथे गेल्यावर फक्त सेल्फी काढून परत येऊ नकोस. इमारतीला आठ बाजू आहेत, मजले तीन, आणि भोवती कमानीच कमानी. सूर्य पूर्वेला असला की पूर्वेच्या कमानी तापतात. पण पश्चिमेच्या? सावलीत! दुपारनंतर पाळी बदलते. आट्यापाट्यांसारखंच! सूर्यानं कुठूनही पाटी ओलांडायचा प्रयत्न केला, तरी कोणती ना कोणती कमान त्याला अडवायला उभी. आणि कमानी उघड्या, म्हणून डोंगरावरचा वारा आरपार.

खुद्द नगरमध्ये आणखी एक थोर इमारत आहे, फराहबाग. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा निजामशाही महाल तलावाच्या मधोमध बांधलेला होता! वारा कुठूनही येवो, पाण्यावरून घसरत, गार होऊनच आत शिरायचा. उंचच उंच दिवाणखाना, जाड भिंती आणि चहूकडे पाणी. एवढा थाट राजेलोकांनाच परवडायचा म्हणा!

कारण पाण्याचं आपल्याला ठाऊकच आहे. पाथर्डी दुष्काळाचा तालुका. टँकरची वाट बघणाऱ्या गावांना तलावातला महाल काय कामाचा? मला म्हणूनच सावली सगळ्यात प्रिय आहे. तिला पाणी लागत नाही. वीजही लागत नाही. एसी काय करतो? खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर बोळात टाकतो. आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात! सावली असलं काही करत नाही.

थोडंसं पाणी हाताशी असेल, तर मात्र वाळ्याची ताटी लावून बघ. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळं. तीच, जी माठातल्या पाण्यात टाकतात! त्यांची ताटी विणून खिडकीत बाहेरून लावायची आणि तिच्यावर पाणी शिंपडायचं. गरम झळ त्या ओल्या मुळांतून येते आणि खोलीत पोचेपर्यंत गार झुळूक होते, वर सुगंध फुकट! माठात पाणी गार होतं त्याच रीतीनं. पाणी उडून जाताना उष्णता बरोबर घेऊन जातं.

आणि इथे आपला पाथर्डीकरांचा नंबर पहिला! कोकणात ही ताटी फारशी चालत नाही. तिकडची हवा आधीच ओलीचिंब, ती आणखी पाणी कुठे घेणार? आपली उन्हाळी हवा कोरडी ठक्क. तहानलेली! समोर दिसेल ते पाणी गटागट पिते आणि गारवा देऊन जाते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ताटीवर शिंपडायला चालतं.

आता तुझ्या शाळेकडे बघ. एखादी जुनी इमारत आहे? पुढे व्हरांडा आहे? मग अर्धं काम झालेलंच आहे! पश्चिमेची भिंत शोध. दुपारी चारला तिला हात लाव. मग उत्तरेच्या भिंतीला लाव. किती फरक पडतो ते वहीत लिही. जिथे चटका बसतो, तिथेच सावली हवी. तिथे बाहेरून बांबूची ताटी लागेल का? भिंतीपासून थोडं दूर कडुनिंबाचं रोप लागेल का? पत्र्याला चुन्याचा पांढरा हात देता येईल का? सरांना, बाईंना आणि गावातल्या एखाद्या जुन्या सुताराला विचार. जुन्या छतावर काहीही जड ठेवायचं असेल, तर आधी सुतारानं तुळया ठोकून बघायलाच हव्यात हं! आणि आपण कुणीही स्वतः छतावर चढायचं नाही.

आणखी एक काम आजच सुरू करता येईल. दक्षिणेकडे तोंड असलेली पडवी किंवा व्हरांडा शोध. तुझ्या घराला नसेल, तर मित्राच्या घराला असेल, देवळाला ओवरी असेल. खडू घे. दुपारी साडेबाराला ऊन आत जिथवर आलंय तिथे एक रेघ ओढ आणि शेजारी तारीख लिही. दर रविवारी एक नवी रेघ.

मे महिन्यात त्या रेघा वळचणीखाली गर्दी करतील. दसऱ्यापर्यंत त्या एकेक पाऊल आत सरकलेल्या असतील. दिवाळीला आणखी आत. आणि संक्रांतीच्या दुपारी, तिळगुळाची वाटी हातात घेऊन बघ बरं, ऊन आजीच्या पाठीपर्यंत पोचलं का?